दवाखाना आठ किलोमीटरवर असताना बाळंतपण घरी किंवा वाटेत का होतं?

भोगावतीकाठ
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातली. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ मापाच्या नोंदी लिहिते. कुणाच्या घरात बाळंतीण आलीय हे मला वहीवरनंच कळतं, कारण त्या घरचं डेअरीला येणारं दूध दुसऱ्या दिवसापासून लिटरभरानं कमी होतं. बायका माप घालताना बोलतात, मी लिहिता लिहिता ऐकते. त्या भरवशावर हा धागा काढतेय.

गेल्या तीन-चार वर्षांत आमचं गाव आणि वरच्या दोन वाड्या मिळून पाच बाळंतपणं दवाखान्याबाहेर झाली. त्यातलं एक माझ्या धाकट्या जावेचं. त्या रात्री मी तिच्याबरोबर होते.

जुलै महिना, तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. रात्री दीडला तिचं पाणी गेलं. पिशवी आठ दिवसांपासून भरून खुंटीला टांगलेली होती. धुतलेली जुनी लुगडी, टोपडं, तपासणीचं कार्ड, आधार, दोन हजार रुपये, सगळं त्यात. दिरांनी शेजारची जीप आणली. आठ किलोमीटरवरच्या दवाखान्यात पोचलो तर तिथं सिस्टर एकट्याच. त्यांनी बीपी बघितला, तो चढलेला. म्हणाल्या, हिला इथं ठेवणं बरं नव्हं, पुढं न्या. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण पुढच्या रस्त्यावर ओढ्याचं पाणी आलेलं. जीप मागं फिरवली, लांबचा रस्ता धरला आणि अर्ध्या वाटेत ती मोकळी झाली. सासूबाईंनी पदरात बाळ धरलं. नाळ तशीच राहू दिली, बाळ आईच्या पोटावर ठेवलं आणि वरनं घोंगडं घातलं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सीटखालचं पोतं रक्तानं भिजलं होतं. दोघं वाचली. पुतण्या यंदा अंगणवाडीत जायला लागला.

पुढं महिनाभरानं गावात बैठक झाली. तिथं बोलणं निघालं की महिलांमध्ये जागृती कमी पडते. जाऊ माझ्या शेजारीच बसली होती, तिनं मान खाली घातली. बारावी शिकलेली पोरगी, एक तपासणी चुकवली नव्हती, लोहाची गोळी एक दिवस सोडली नव्हती. मला ते फार लागलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा बघितला. २००५-०६ साली शंभरातली जवळपास ६५ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ मध्ये ९४.७. म्हणजे लोकांना दवाखाना पटलाय. मग उरलेल्या पाच जणींचं काय होतं? आमच्याकडच्या पाचही जणींना मी विचारलं. चौघी म्हणाल्या, जायचंच होतं. पाचवी काहीच बोलली नाही, माप घालून निघून गेली.

तुमच्याकडं काय अडतं ते लिहा. ऐकीव नको, बघितलेलं लिहा.


पेठेतला
सोमवार, रात्री १०.३५

वहिनी, वाचून अंगावर काटा आला. पण मला मनापासून एक विचारायचंय. मी शहरातला, आमच्यात घरी बाळंतपण झालेलं माझ्या आजीच्या पिढीनंतर ऐकलेलं नाही. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत, गाडी फुकट, वर बाईला पैसे मिळतात. एवढं असताना लोक शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात कशाला? आठवडाभर आधी दवाखान्याजवळ नातेवाइकांकडं आणून का ठेवत नाहीत? हयगय होते असं मला वाटतं. चूक असेन तर सांगा.


आशाताई_पश्चिम
मंगळवार, दुपारी २.१०

पेठेतला दादा, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. मी गगनबावड्याच्या बाजूला आशा म्हणून काम करते, तेरा वर्षं झाली.

फुकट आहे हे खरं. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, घरापासून नेणं आणि परत सोडणं, यातल्या कशालाच पैसे घ्यायचे नाहीत. पण बाळंतिणीबरोबर दोन माणसं जातात. त्यांचा रोज बुडतो. त्यांच्या जेवणाचं, चहाचं, राहायचं कोण बघणार? घरात दोन म्हशी असल्या तर धारा कोण काढणार? जनावराला सुट्टी नसते. बाळंत झाल्यावर दोन दिवस तरी थांबा म्हणून आम्ही हातापाया पडतो, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सासू म्हणते, चला, घरात कोण न्हाई.

आणि बाईला मिळणारे पैसे म्हणजे जननी सुरक्षा योजनेचे. आपल्या राज्यात ग्रामीण भागात ७००, शहरात ६००, तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांनाच. रात्रीच्या खासगी जीपचं भाडं त्याच्यापेक्षा जास्त होतं. शिवाय पैसे खात्यावर येतात, आणि बाळंतपणानंतर येतात. कळा सुरू झाल्या तेव्हा हातात काय होतं, त्यावर सगळं ठरतं.

खात्याचंही सांगते. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, कार्डावर तिसरंच. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी जाते. नोंद माझ्याकडं, बाळंतपण दुसऱ्या आशाकडं. तिकडची म्हणते, माझ्या यादीत ही नाही. ऐन नवव्या महिन्यात पोरगी दोन्ही याद्यांतनं सुटते. माझ्या भागातल्या अशा दोन पोरी घरी बाळंत झाल्या. दोघींचीही पहिलीच वेळ, आणि दोघींच्याही घरची माणसं चांगली होती. म्हणून आता पोरगी माहेरी निघाली की मी कार्डाचा फोटो तिकडच्या आशाला पाठवते आणि फोन करून सांगते.

तुम्ही १०८ चं म्हणाल. आमच्या वाड्यांवर फोन लावायलाच टेकावर चढावं लागतं. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते, तिथपर्यंत बाईला कोण आणणार? धनगरवाड्यावरनं अजून झोळी करून आणतात. दोन बांबू, एक घोंगडं, चार माणसं. पावसात पाय घसरतात म्हणून चारच्या सहा लागतात. सुगीच्या दिवसांत वाड्यावर सहा गडी घरी सापडत नाहीत, वर पोटापाण्यासाठी तरणी पोरं गोव्याला नाहीतर कोल्हापूरला.

हयगय करणारेही असतात, मी नाकारत नाही. पण तेरा वर्षांत ते मला दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.


जुना_वैद्य
मंगळवार, रात्री ८.४५

मी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर आणि पुढं ग्रामीण रुग्णालयात २८ वर्षं होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

आमच्या शास्त्रात 'तीन विलंब' म्हणून एक मांडणी आहे. थॅडियस आणि मेन या दोघींनी ती १९९४ साली मांडली. पहिला उशीर घरात, जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा वाटेत. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर, उपचार सुरू व्हायला. वहिनींच्या जावेच्या घरात पहिला उशीर झालाच नाही. दुसरा झाला, आणि तिसराही झाला. पहिल्याच दवाखान्यात डॉक्टर असते, झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देऊन मग तिला पुढं पाठवलं असतं, तर वाटेतली धास्ती बरीच कमी झाली असती. हे मी कुणा एका सिस्टरवर ढकलत नाही. रात्री एकटीनं प्रसूतिगृह सांभाळणं काय असतं ते मी जवळून बघितलंय.

लोकांना एक कळायला हवं. बाळ बाहेर आलं की धोका टळला असं वाटतं, तिथंच फसगत होते. वार पडल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर रक्त जातच राहतं, आणि चांगली धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते. अंगात रक्त आधीच कमी असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली आणि फ्रीज बंद पडला की कुपी दिसायला तशीच राहते, पण तिची ताकद उतरते. दवाखाना म्हणजे इमारत नव्हे, हे त्या कुपीवरनं समजतं.

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा ९७ होता. या ३३ पर्यंत येण्यात दवाखान्यातल्या बाळंतपणाचा वाटा मोठा आहे, म्हणून 'घरीच बरं' असं मी कधीच म्हणणार नाही.

पेठेतले, आठवडाभर आधी आणून ठेवायची तुमची सूचना चांगली आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सरकारनं आरोग्य केंद्राला लागून 'माहेरघर' त्यासाठीच काढली. दिवस भरत आले की बाई तिथं येऊन राहते, बरोबर लहान मूल आणि नातेवाईकही राहू शकतात. आपला जिल्हा ऊस आणि दुधाचा, पुढारलेला म्हणून ओळखला जातो. पण पश्चिमेचा डोंगर त्या ओळखीत बसत नाही.


आक्काची_नात
मंगळवार, रात्री १०.२०

माझी पणजी सुईण होती, शाहूवाडीकडची. आजीनं तिच्या हाताखाली केलं. आजी आता ऐंशीच्या पुढं आहे. हा धागा मी तिला वाचून दाखवला, ती बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"आमी काय दवाखान्याच्या वाटंत आडवं पडत न्हवतो. आडलेली बाई आमालाबी कळायची. हात आदी आला, पाय आदी आला की मी म्हनायची, गाडी जुपा. पर बाईला धीर लागतो. मी तिच्या म्होरं बसायची, कंबर चोळायची, गरम पानी पाजायची. ती उकिडवी बसायची, दाव्याला धरायची, फिरायची. दवाखान्यात उतानी झोपीवत्यात आन् वरडू नगं म्हनत्यात. वरडंल न्हाई तर काय करंल?"

मी तिला सांगितलं, आजी, आता जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. २०१८ च्या त्यांच्या शिफारशींत आहे की कुठल्या स्थितीत बाळंत व्हायचं ते बाईला ठरवू द्या, आणि तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या. आजी म्हणाली, "मग सांगा की त्यास्नी."

आजीच्या हातून एक बाई गेली होती, तेही तिनं सांगितलं. वार अडकली, रक्त थांबेना, बैलगाडी बांबवड्यापर्यंतही पोचली नाही. त्या बाईचं नाव आजी अजून सटवाईच्या पूजेला घेते. सांगून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती.


चंदगडचा_वारा
बुधवार, सकाळी ७.३०

आमच्याकडचं वेगळं आहे. चंदगडला कोल्हापूर लांब, बेळगाव जवळ. अडलं की गाडीचं तोंड आपोआप बेळगावकडं. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, म्हणजे दाखला कर्नाटकातला आणि आशाकडची नोंद महाराष्ट्रातली. माझ्या बहिणीनं त्या कागदांसाठी पाच फेऱ्या मारल्या.

पण आमच्यात बायका खरं घाबरतात ते सिझरला. 'गेलीस की चिरतील' हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकलंय. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत शंभरातली पंचवीस बाळंतपणं सिझरनं झालेली. त्यात गरजेची किती हे डॉक्टर सांगतील. पण गावात हिशेब वेगळा असतो. सिझर झालेली बाई दोन-तीन महिने पाटी उचलणार नाही, भात लावणीत वाकणार नाही, काजूच्या कारखान्यात बसणार नाही. तिच्या वाटणीचं काम कोण करणार यावरनं घरात कुरकुर सुरू होते. म्हणून काही सासवा म्हणतात, कळा चांगल्या जोर धरू देत, मग जाऊ, म्हणजे पोचल्या पोचल्या नॉर्मल होईल. त्या थांबण्यातच रात्र जाते.


शिरोळ_शिक्षक
बुधवार, दुपारी १.०५

सगळे पश्चिम भागाचं लिहिताहेत, मी पूर्वेचं लिहितो. आमचा शिरोळ तालुका सपाट, रस्ते चांगले, दवाखाने जवळ. तरी घरी बाळंतपणं होतात, आणि ज्या घरांत होतात ती घरं दिवाळीनंतर उभी राहतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला मोडली जातात. मी ऊसतोड मजुरांच्या कोप्यांबद्दल बोलतोय.

बीडकडनं टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. खाडा केला की दंड. माझ्या वर्गात अशी मुलं येतात, म्हणून मी फडात जातो. दोन वर्षांपूर्वी एका मुलाची आई नवव्या महिन्यात मोळ्या उचलत होती. मी म्हटलं, ताई, दवाखान्यात नाव घातलंय का? म्हणाली, गावाकडं घातलंय, कार्ड गावाकडंच राहिलं. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे कोपीतच तिला मुलगी झाली. नाळ कशानं कापली हे मी विचारलं नाही, मला धीर झाला नाही. दवाखाना तीन किलोमीटरवर होता. तिला तो कुठं आहे हेच माहीत नव्हतं, आणि रात्री मुकादमाशिवाय गाडी कुणाकडं मागायची हेही.

मी तिला उपकेंद्रात घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी कार्ड नाही म्हणून परत पाठवलं नाही, तपासलं, बाळाला लस दिली, नवं कार्ड करून दिलं. तेव्हा मला वाटलं, एवढ्यावर सुटत होतं तर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक फडावर कुणीतरी जाऊन नावं का लिहू नयेत? गेल्या हंगामात आम्ही तीन शिक्षकांनी ते केलं. वही घेतली, टोळ्या फिरलो, सात गरोदर बायका सापडल्या. त्या सातही जणी दवाखान्यात बाळंत झाल्या.

पुराचंही एक सांगतो. २०१९ आणि २०२१ ला आमच्याकडं बोटीतनं माणसं काढावी लागली, त्यात दिवस भरलेल्या बायका होत्या. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ३९ फुटांचा इशारा आला की आमच्या गावात आता आधी गरोदर बायकांना हलवतात, मग जनावरं, मग धान्य. हा क्रम पुरानं शिकवला.


मी_तिसरी
बुधवार, रात्री ११.४०

मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. गाव सांगणार नाही.

वहिनींनी लिहिलंय ना, पाचवी काही बोलली नाही. ती मी नाही, पण का बोलली नाही ते मला माहीत आहे.

मला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासरचे म्हणाले, कुणाला सांगू नका. का ते सगळ्यांना कळतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८६३ मुली होत्या. शाहू महाराजांच्या जिल्ह्यात. मी त्या आकड्याच्या आतली बाई आहे. घरातल्या एकांना ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, दोन अपत्यांची अट आड येणार होती, ते वेगळंच. सहावा महिना संपेपर्यंत माझं नाव कुठंच नव्हतं.

पण घरी बाळंत व्हायचं मी ठरवलं ते त्यामुळं नाही. दुसऱ्या वेळी मी दवाखान्यात होते. कळा असह्य झाल्या, मी ओरडले. एक बाई म्हणाली, 'नवऱ्याजवळ जाताना ओरडली होतीस का?' खोलीत चार माणसं होती, दोघं हसले. मांडीवर चापट मारली. मुलगी झाल्यावर म्हणाली, परत मुलगीच. आईला आत येऊ दिलं नव्हतं, ती बाहेर पायरीवर बसून होती. टाके घालताना भूल दिली नाही.

तो दवाखाना स्वच्छ होता, औषधं होती, पैसे लागले नाहीत. कागदावर माझं बाळंतपण चांगलं झालं.

तिसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या आणि मी कुणाला सांगितलंच नाही. पहाटे चुलत सासूला हाक मारली तेव्हा डोकं दिसत होतं. मुलगी झाली. तिसरी. ती आता माझ्या शेजारी झोपलीय.

मला माहीत आहे मी जीव धोक्यात घातला. जुना_वैद्य यांनी लिहिलेलं दोन तासांचं वाचून माझे हात गार पडले. पण त्या रात्री मला मरणाची भीती वाटली नव्हती, त्या खोलीची वाटली होती.


भोगावतीकाठ
गुरुवार, पहाटे ५.१५

ताई, रात्री झोप लागली नाही. तुमच्या लेकीला माझा पापा द्या.


रात्रपाळीची_सिस्टर
गुरुवार, दुपारी ४.००

मी सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात आहे. ती बाई मी नाही, पण तसं बोलणं मी ऐकलंय, आणि नवी होते तेव्हा ऐकून गप्प बसलेय. त्याबद्दल ताई, मी तुमची माफी मागते.

कारण म्हणून नाही, परिस्थिती म्हणून सांगते. एका रात्री तीन टेबलांवर तीन बायका, मी एक आणि एक मावशी. एकीचं रक्त थांबत नाही, दुसरीचं बाळ रडत नाही, तिसरी ओरडतेय. त्या घाईत तोंडातनं वाईट निघतं, आणि एकदा निघालं की सवय होते. शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी तसंच बोललेलं आम्ही ऐकत आलो. ओरडल्याशिवाय बाई जोर लावत नाही, असंच आम्हाला सांगितलं गेलं होतं.

२०१७ मध्ये केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला. त्यात प्रसूतिगृहांना गुण मिळतात, आणि औषधं-साधनांबरोबर बाईशी वागणूक, पडदा, सोबतीला तिच्या माणसाला आत घेणं, हेही तपासतात. आमच्याकडं पडदे लागले. सोबतीला एक बाई आत घ्यायला लागलो. सुरुवातीला मीच विरोधात होते, गर्दी होईल म्हणून. पण आई किंवा जाऊ जवळ असली की बाई शांत राहते, आणि माझं अर्धं काम ती सोबतीण करते. पाणी पाजते, पाठ चोळते, रक्त जास्त जातंय असं वाटलं तर हाक मारते. आक्काची_नात यांच्या आजी म्हणतात तो धीर हाच.

एक विनंती सगळ्यांना. तुमच्या बाईला कुणी असं बोललं तर गप्प राहू नका. अधीक्षकांकडं लेखी द्या. आम्हालाही त्याची मदत होते. आमच्यातल्या ज्यांना हे बदलावंसं वाटतं त्यांच्या हातात काहीतरी कागद लागतो.


जुना_वैद्य
गुरुवार, सायंकाळी ६.२०

मी_तिसरी यांच्या लिहिण्यानंतर माझी परवाची मांडणी मला अपुरी वाटते. पहिला उशीर घरात होतो असं आम्ही शिकलो आणि शिकवलं. त्यांच्या बाबतीत तो आधीच्या बाळंतपणातल्या टेबलावर सुरू झाला होता. आम्ही त्याला घरच्यांचं अज्ञान म्हणून नोंदवलं असतं.

त्यांच्यासारख्या बायकांसाठी एक माहिती. जननी सुरक्षा योजनेत पूर्वी आपल्यासारख्या राज्यांत वयाची आणि दोन अपत्यांची अट होती, ती २०१३ मध्ये काढली. दवाखान्यातली मोफत सेवा तर कितव्याही खेपेला मोफतच आहे. तिसऱ्या वेळी दवाखान्यात गेलं तर पैसे भरावे लागतात किंवा विचारणा होते, हा समज गावांत अजून आहे. ज्यांच्या ज्यांच्या कानावर घालता येईल त्यांच्या घाला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि नेमक्या त्याच बायका दवाखान्यापासून लांब राहतात. पहिल्या खेपेला सगळं घर धावतं, पुढं पुढं 'हिला सवय आहे' म्हणून सोडून देतात.

या कोल्हापुरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डॉ. कृष्णाबाई केळवकर दरबारच्या इस्पितळात काम करत होत्या. बाईला बाई डॉक्टर मिळाली तर ती येते, हे शाहू महाराजांना तेव्हा उमगलं होतं. माझ्या २८ वर्षांत मी ज्या केंद्रांवर होतो तिथं बाई डॉक्टर मोजून दोन वेळा मिळाल्या. त्या दोन्ही वेळी प्रसूतीचं रजिस्टर आधीच्यापेक्षा लवकर भरलं.


पेठेतला
गुरुवार, रात्री ९.००

मी हयगय हा शब्द मागं घेतो. मी_तिसरी ताई, माफ करा.

माझी चारचाकी आहे, रात्री-अपरात्री काढायला मला अडचण नाही. पण कोल्हापुरातनं वरच्या वाडीला पोचायला दीड-दोन तास लागतात, त्याचा ऐनवेळी उपयोग होणार नाही. आशाताई, तुमच्या भागात पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या कुणी असतील तर आधीच काही करता येईल का? सांगा, मी येतो.


आशाताई_पश्चिम
शुक्रवार, सकाळी ११.३०

जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्यांची यादी आम्ही मे महिन्यातच करतो. यंदा माझ्याकडं नऊ जणी आहेत. आठ जणींचं जुळतंय. एक वरच्या धनगरवाड्यावरची आहे, दुसरी खेप, रक्त (हिमोग्लोबिन) आठच्या आसपास, तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. पावसानं जोर धरला की तो वाडा आठ-आठ दिवस तुटतो.

घरचे ऐकायला तयार आहेत. नवरा म्हणतो, खाली आणतो, पण ठेवू कुठं? खाली कुणी पावणं न्हाईत. तिला पहिली मुलगी आहे तीन वर्षांची, तिला सोडून ती येणार नाही. दवाखान्याच्या कॉटवर पंधरा दिवस आधी कुणी ठेवून घेत नाही. मी माझ्या घरी ठेवली असती, पण माझं घरही पुराच्या पाण्याच्या अलीकडं, दवाखाना पलीकडं आहे.


भोगावतीकाठ
शुक्रवार, दुपारी १२.०५

आशाताई, तिला आमच्याकडं आणा. माझं माहेर दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे, मधे ओढा नाही. आई-वडील दोघंच असतात. मागची खोली रिकामी आहे, तिला वेगळं दार आहे, न्हाणी शेजारीच. आईला मी आत्ता फोन करून विचारलं. ती म्हणाली, पोरगी मेंढराच्या दुधाचा चहा पीत असंल तर आमच्याकडं म्हशीचं हाय, चालंल का विचार.


आशाताई_पश्चिम
शुक्रवार, दुपारी १२.४०

चालेल. तिची लेक दूधभात खाते.

वहिनी, तुमच्या माहेरच्या आशाचा नंबर मला खासगीत पाठवा, नोंद दोघींकडं राहू दे. कार्डाची आणि आधारची झेरॉक्स मी बरोबर देते. रक्तवाढीची इंजेक्शनं आताच सुरू करायची आहेत, त्यासाठी पुढच्या सोमवारी तिला खाली आणते. ९ तारखेला डॉक्टरांची तपासणी असते, तीही करून घेऊ.


पेठेतला
शुक्रवार, दुपारी १२.५५

डांबरी रस्त्यापर्यंत ती कशी येणार? तिथून पुढं माझी गाडी. तारीख सांगा.


आशाताई_पश्चिम
शुक्रवार, दुपारी १.१०

अजून पाऊस नाही, सोमवारी ती चालत उतरते. मुक्कामाला २८ जूनला आणायची, रविवार आहे, वाड्यावर माणसं असतात. पाऊस लागला तर झोळी करू. सहा जण लागतील, चार मिळालेत.


शिरोळ_शिक्षक
शुक्रवार, दुपारी १.३०

मी आणि आमचे एक सर येतो. सहा झाले.